मुंबईच्या किनाऱ्यावर मेटल डिटेक्टर घेऊन पहिल्यांदा जाताय? आधी हे वाचा

गेल्या वर्षभरात ओळखीतल्या पाच-सहा जणांनी मला विचारलं की कुठला डिटेक्टर घेऊ, आणि प्रत्येकाला मी उलटं विचारलं की आज ओहोटी किती वाजता आहे सांग. एकालाही सांगता आलं नाही. जन्म मुंबईत गेला, चौपाटीवर शंभर वेळा भेळ खाल्ली, पण पाणी कधी चढतं कधी उतरतं याच्याशी आपला कधी संबंधच आलेला नसतो. डिटेक्टिंगमध्ये सगळं तिथूनच सुरू होतं, म्हणून मी पण तिथूनच सुरू करतो, मशीनचं नंतर बघू.

आधी तिथी

वर्सोव्याच्या एका कोळी काकांनी मला हे शिकवलं आणि तेव्हापासून मी घरात बसूनच वेळ काढतो. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, जे उत्तर येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता भरती. त्यात सहा तास मिळवा, नऊ वाजता ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती आणि बारा वाजता ओहोटी. अमावस्या आणि पौर्णिमेला बाराच्या आसपास भरती, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास ओहोटी. दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या असतात, त्यामुळे जी वेळ निघते तीच साधारण रात्रीलाही लागू पडते, आणि शुद्ध असो वा वद्य, गणित तेच. भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी बघायची की झालं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, त्यामुळे निघायच्या आदल्या रात्री मोबाइलवर भरती-ओहोटीचं टाइमटेबल एकदा बघून घ्या. सर्व्हे ऑफ इंडिया दरवर्षी भरतीचे तक्ते काढतं, बाकी बहुतेक ठिकाणचे आकडे तसल्याच तक्त्यांवरून येतात.

आता ही झाली वेळ. पाणी किती लांब जाणार हे वेगळं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे भरती पण मोठी आणि ओहोटी पण खोल. मुंबईत उधाणाला भरती साडेचार मीटरच्या आसपास जाते आणि ओहोटीला पाणी अर्ध्या मीटरपर्यंत किंवा त्याच्याही खाली उतरतं, म्हणजे एरवी कायम पाण्याखाली असलेली वाळू दोन तास उघडी पडते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी जेमतेम पुढेमागे होतं. माझ्या मते नवीन माणसासाठी सगळ्यात चांगले दिवस म्हणजे अमावस्या किंवा पौर्णिमेनंतरची बीज, तीज, चतुर्थी. ओहोटी सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान येते, उजेड असतो, ऊन चढलेलं नसतं, गर्दी नसते आणि उधाणाचा जोर अजून ओसरलेला नसतो. अजून एक, एकाच दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या खोल नसतात, एक बरीच खाली उतरते आणि दुसरी अर्ध्यावरच थांबते, तेव्हा तक्त्यात वेळेबरोबर मीटरचा आकडा पण बघा, नाहीतर पहाटे उठून जाल आणि समोर नुसतं पाणी.

ओहोटीच्या दीड-दोन तास आधी पोचायचं, उतरत्या पाण्याच्या मागेमागे खाली जायचं आणि पाणी फिरलं की आपण पण फिरायचं. फिरल्यावर "अजून एक सिग्नल बघतो" असं करू नका.

मशीन कुठलं

थोडक्यात समजून घ्या की हे चालतं कसं, म्हणजे पैसे वाया जाणार नाहीत. कॉइलमधून (दांड्याच्या टोकाला असते ती चकती) सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र वाळूत जातं, तिथे धातू असेल तर त्याच्यात विजेचे छोटे भोवरे उठतात, त्यांचं स्वतःचं क्षेत्र परत वर येतं आणि ते मशीन पकडतं. प्रॉब्लेम असा की खारं पाणी पण वीज वाहून नेतं. त्यामुळे समुद्राची ओली वाळू स्वतःच धातू असल्यासारखी बोलायला लागते आणि स्वस्तातलं सिंगल फ्रिक्वेन्सीचं मशीन तिथे नुसतं किरकिर करतं. कोरड्या वाळूत तेच मशीन एकदम शहाण्यासारखं वागतं.

म्हणून तीन प्रकार लक्षात ठेवा. एक, सिंगल फ्रिक्वेन्सी, जसं गॅरेटचं एस ३०० किंवा नोक्ताचं सिम्प्लेक्स, कोरड्या वाळूत शिकायला छान, ओल्यात सेन्सिटिव्हिटी, म्हणजे मशीन किती बारीक सिग्नल पकडतं ते, बरीच खाली आणावी लागते. दोन, मल्टी फ्रिक्वेन्सी, जसं माइनलॅबचं व्हँक्विश किंवा इक्विनॉक्स, हे एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरून मिठाचा परिणाम बाजूला काढतं, किनाऱ्यासाठी हेच बरं. तीन, पल्स इंडक्शन, हे ओल्या वाळूत आणि काळ्या वाळूत खोल जातं पण लोखंड कुठलं नि सोनं कुठलं ते सांगत नाही, सगळंच खणावं लागतं. आपल्या किनाऱ्यांवर कचरा इतका आहे की पल्स इंडक्शनने सुरुवात करणाऱ्याचे हात आणि हौस दोन्ही आठवड्यात दुखायला लागतील, त्यामुळे मी तरी नवीन माणसाला नको सांगतो.

घेताना एक गोष्ट नक्की विचारा, पूर्ण मशीन पाण्यात चालतं की फक्त कॉइल. कॉइल जवळपास सगळ्यांची वॉटरप्रूफ असते, वरचा स्क्रीनचा डबा प्रत्येकाचा नसतो. माझं पहिलं मशीन "वॉटरप्रूफ आहे साहेब" म्हणून मला विकलं गेलं आणि गुडघाभर पाण्यात एका लाटेत त्याचा स्क्रीन गेला, नंतर बॉक्सवर नीट वाचलं तर कॉइलपुरतंच लिहिलेलं होतं. वाचायला पाहिजे होतं, आता वाचतो.

बाकी सामान फार नाही. स्कूप पाहिजे, म्हणजे भोकं असलेलं खोल फावडं, वाळू गळून जाते आणि वस्तू आत राहते. बाहेरचा महाग असतो, मी माझा एका फॅब्रिकेशनवाल्याकडून स्टेनलेस स्टीलच्या पत्र्याचा करून घेतला. भोकं साधारण आठ मिलिमीटरची ठेवा, मोठी ठेवलीत तर कानातल्याची फिरकी सरळ निसटून जाते. कोरड्या वाळूसाठी सुरुवातीला घरातला मोठा झारा पण चालतो. (झवेरी बाजारात सोनारांच्या दुकानातली धूळ धुऊन सोन्याचा कण न् कण काढणाऱ्यांना झारेकरी म्हणतात, चिकाटी शिकायची तर त्या लोकांकडून.) हातमोजे घ्या, जाड घ्या, किनाऱ्यावर काचा, गंजलेले खिळे, कधी सुया पण असतात. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या. हेडफोन पाहिजेच, लाटांच्या आवाजात बारीक सिग्नल ऐकू येत नाही, आणि लोकांची गर्दी पण कमी जमते. कंबरेला दोन कप्प्यांची पिशवी, एकात कचरा, एकात बाकीचं.

घरी सराव, पण लादीवर नको

नवीन मशीन आलं की सगळे काय करतात, हॉलमध्ये लादीवर नाणं ठेवून फिरवतात आणि मग मशीन खराब आहे म्हणून ओरडतात. अहो खाली स्लॅबमध्ये लोखंडी सळ्या आहेत, भिंतीत वायरी आहेत, ते बिचारं करणार काय. मशीन लाकडी टेबलावर असं ठेवा की कॉइल टेबलाच्या बाहेर, जमिनीपासून वर राहील, मोबाइल आणि वायफाय लांब करा, आणि मग हातातली अंगठी-घड्याळ काढून एक-एक वस्तू कॉइलसमोरून फिरवा. नाणी, सोन्याची अंगठी, चांदीचं जोडवं, सिगरेटच्या पाकिटातली चंदेरी, सोड्याच्या बाटलीचं झाकण, बिअरच्या कॅनची पिन, खिळा. प्रत्येकाचा स्क्रीनवर येणारा नंबर आणि आवाज वहीत लिहा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण ही वहीच पुढे सहा महिने कामाला येते.

आणि या वहीत तुम्हाला दोन गोष्टी दिसतील ज्या परदेशी व्हिडिओत कोणी सांगत नाही.

पहिली, आपली नाणी. एक रुपयाचं नाणं १९९२ पासून आणि दोन रुपयाचं गेली साधारण वीस वर्षं चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलचं आहे. म्हणजे मशीनच्या दृष्टीने ते लोखंड. व्हिडिओ बघून तुम्ही लोखंड गाळायचं सेटिंग लावलंत तर चौपाटीवर पडलेली अर्धी नाणी तुमच्या कॉइलखालून मुकाट जाणार. पाच रुपयाचं पिवळं नाणं मात्र निकेल-ब्रासचं आहे, ते स्वच्छ बोलतं. दहाचं नाणं दोन धातूंचं, त्याचा नंबर थोडा नाचतो. जुनी दहा आणि वीस पैशांची अॅल्युमिनियमची नाणी अजून निघतात, हलकी असतात, खाऱ्या पाण्याने खरवडलेली, चलनातून गेलेली (२५ पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून बंद झाली), पण हातात आल्यावर छान वाटतं.

दुसरी, सोनं. सोन्याची बारीक अंगठी, कॅनची पिन आणि चंदेरी कागद यांचे नंबर एकमेकांच्या इतके जवळ येतात की स्क्रीन बघून फरक कळत नाही. कोळ्यांच्या जाळ्यातल्या शिशाच्या गोळ्या पण तिथेच बोलतात. म्हणून ज्याला सोनं पाहिजे त्याने कॅनच्या पिना खणायलाच पाहिजेत, शॉर्टकट नाही. आणि साखळी तर अजून फसवी, दीड तोळ्याची चेन असली तरी प्रत्येक कडी सुटी असल्यामुळे मशीनला ती एका मोठ्या वस्तूसारखी दिसतच नाही, हुक किंवा पेंडंट तेवढं बोलतं, ते पण दबक्या आवाजात.

पहिले महिना-दोन महिने मी सांगेन की काहीही गाळू नका, जो सिग्नल दोन्ही बाजूंनी येतो तो खणा. कान तयार होतो तो असाच.

कुठे जायचं

गिरगाव, दादर, जुहू हे नावाजलेले, इथे माणसं जास्त म्हणून पडलेलं पण जास्त, आणि कचरा तर विचारूच नका. गिरगाव आणि जुहूला मोठ्या दिव्यांच्या खांबांजवळ मशीन उगाच बडबडतं, थोडं लांब सरका. वर्सोव्याला २०१५ मध्ये अफरोझ शहा यांनी सफाई सुरू केली आणि शेकडो लोक त्यात आले, तरी प्रत्येक पावसाळ्यात समुद्र नवीन प्लास्टिक आणून टाकतोच. नवीन माणसाला मी गोराई किंवा मनोरी सांगतो, वाळू मोकळी, सकाळी शांतता. अक्सा दिसायला सुंदर आहे पण तिथलं पाणी फार वाईट, दरवर्षी माणसं बुडतात, तिथे फक्त कोरड्या वाळूत फिरा. मार्वेला नौदलाचं आयएनएस हमला आहे, त्या बाजूला मशीन घेऊन अजिबात फिरकू नका. कुठल्याही नौदल, कोस्टगार्ड, पोलीस हद्दीजवळ नाही म्हणजे नाही.

किल्ल्यांजवळ पण नाही. माहीम, वरळी, मढ, पलीकडे वसई, अलिबागचा कुलाबा किल्ला, हे सगळे पाण्याला लागून आहेत आणि मोह होतो. पण तिथे खणणं म्हणजे इतिहास फोडणं आहे. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूपासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित आणि पुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं, पण कायदा बाजूला ठेवला तरी, नाणं कुठल्या थरात कशाच्या शेजारी सापडलं हीच त्याची खरी माहिती असते, ते उपटून काढलं की राहतो नुसता धातू.

किनाऱ्यावर गेल्यावर लगेच मशीन चालू करू नका, पाच मिनिटं नुसतं बघा. लोक कुठे बसतात, चपला कुठे काढतात, क्रिकेट कुठे चालतं, भेळेच्या गाड्या कुठे लागतात. कोरड्या वाळूत नाणी मिळतात ती याच जागांवर, कारण खिशातून पडतात ती बसताना आणि उठताना. दागिने मात्र ओल्या वाळूत जास्त. बोटं पाण्यात भिजून बुळबुळीत झालेली असतात, लाट आली की एकमेकांचे हात ओढले जातात, पोराला उचलताना गळ्यातलं अडकतं.

ओल्या वाळूत समुद्र स्वतः छाननी करतो. सोनं वाळूपेक्षा सहा-सात पट जड, शिसं चार पट, त्यामुळे लाट हलकं ते पुढे नेते आणि जड ते खाली बसत जातं, घट्ट थर लागेपर्यंत. जिथे शंखांचा चुरा, बारीक गोटे, काळ्या वाळूचे पट्टे एकत्र जमलेले दिसतील तिथे थांबा, तिथेच शिशाच्या गोळ्या आणि नाणी पण असतात. एका जागी दोन शिशाच्या गोळ्या निघाल्या तर मी तो पट्टा सोडत नाही. फक्त काळ्या वाळूत लोहचुंबकाला चिकटणारे कण असतात, तिथे मशीन बिथरतं, सेन्सिटिव्हिटी कमी करा आणि ग्राउंड बॅलन्स (मशीन त्या वाळूशी जुळवून घेणं, कसं ते पुढे सांगतो) परत करा. याउलट जिथे पाय घोट्यापर्यंत रुततो, मऊ नवी वाळू आली आहे, तिथे जे काही असेल ते दोन फूट खाली गेलेलं असतं, वेळ घालवू नका. पावसाळ्यात लाटा बरीच वाळू ओढून नेतात, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाऊस सरला की महिनाभर किनारा सगळ्यात उघडा असतो.

त्याच दिवसांत गणपती पण असतात, त्याबद्दल स्पष्ट सांगतो. विसर्जनानंतर लगेच मशीन घेऊन जाऊ नका. मूर्तीचे अवशेष, पूजेचं सामान वाळूत असतं, लोकांच्या भावना असतात, महापालिकेची माणसं आणि स्वयंसेवक साफसफाई करत असतात, आणि ज्यांचं पोट त्यावर चालतं अशी पण माणसं तिथे वेचत असतात. आपली हौस आहे, त्यांचं घर आहे. नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यापाशी पण तेच, तो त्यांचा सण आहे, बघायला जा, मशीन घरी ठेवा.

फिरवायचं कसं, खणायचं कसं

कॉइल वाळूला समांतर, दोन बोटं वर, कडेला गेल्यावर हात वर उचलायचा नाही (सगळे उचलतात, झाडू मारल्यासारखं, आणि कडेचे सिग्नल सुटतात). सावकाश. प्रत्येक फेरीने आधीच्या फेरीची निम्मी जागा परत झाकली गेली पाहिजे. ओल्या वाळूत पाण्याच्या रेषेला समांतर चाला, पाण्याकडे-वर-पाण्याकडे असं गेलात तर वाळूतलं पाण्याचं प्रमाण सतत बदलतं आणि मशीन गोंधळतं. सुरुवातीला ग्राउंड बॅलन्स करायचा, म्हणजे धातू नसलेल्या जागेवर कॉइल वरखाली करत राहायची, आवाज शांत होईपर्यंत. ऑटोचं बटन असतं बहुतेकांना.

सिग्नल आला की जागेवरच काटकोनात फिरून परत फिरवा. दोन्ही दिशांनी तोच आवाज, तोच नंबर, तर खणा. एका दिशेने ट्यांव आणि दुसरीकडून करकर म्हणजे बहुतेक खिळा किंवा गंजलेलं झाकण. सोड्याचं झाकण फार छळतं, चांगला आवाज देऊन फसवतं, कॉइल थोडी बाजूला नेऊन कडेने ऐकलं तर ते फाटल्यासारखं वाजतं.

मग स्कूप सिग्नलच्या चार बोटं मागे लावायचा, बरोबर वरून नाही, वस्तूला ओरखडा जातो. एक स्कूप काढला की खड्ड्यावर परत कॉइल फिरवा. खड्ड्यात आवाज नाही म्हणजे वस्तू स्कूपमध्ये, नाहीतर अजून खाली. वीतभर खोलीवर नाणं मिळणं म्हणजे चांगलं चाललंय. आणि खड्डा बुजवायचा, प्रत्येक वेळी. सकाळी तिथे म्हातारी माणसं चालायला येतात, मुलं पळतात, संध्याकाळी अंधारात कोणाचा तरी पाय मुरगळतो. निघालेला कचरा परत वाळूत टाकायचा नाही, पिशवीत घालून जाताना डब्यात. परवाच्या दोन तासात माझ्याकडे एकतीस झाकणं, चंदेरीचा गोळा, तीन खिळे, शिशाच्या चार गोळ्या आणि सत्तावीस रुपये निघाले. बहुतेक दिवस असेच असतात.

सापडलं, आता काय

इथे मला थोडं सविस्तर बोलायचं आहे.

एकदा दुपारी गोराईला फोनवरून बोलावणं आलं, डोंबिवलीहून आलेलं कुटुंब, त्या ताईंचं मंगळसूत्र टॉवेल ओढताना तुटलं होतं. दशमी होती, म्हणजे दीडला ओहोटी, आणि मी पोचलो तेव्हा तीन वाजले होते, पाणी वर यायला लागलेलं. तोपर्यंत दहा-बारा जणांनी मदत म्हणून हातांनी सगळीकडे उकरून ठेवलेलं. तेवढी वाळू सपाट केली, चार काठ्या रोवल्या, चौकट केली आणि एका टोकाहून सुरू केलं. काळे मणी काचेचे, ते बोलत नाहीत. सोन्याची बारीक तार पण जवळजवळ मुकी. मी ऐकत होतो ते वाट्यांसाठी. तिसऱ्या फेरीत एक टुक, इतका हलका की हेडफोन नसता तर गेलाच असता, स्कूपमध्ये ओंजळभर वाळू, त्यात पाच-सहा मण्यांचा तुकडा आणि एक वाटी. त्या ताईंनी ती तळहातावर घेतली आणि म्हणाल्या "ही माहेरची". दुसरी वाटी मिळाली नाही. काटकोनात परत पूर्ण चौकट केली, पाणी काठीला लागलं तरी करत होतो. दुसऱ्या दिवशी एकादशी, सव्वादोनच्या ओहोटीला परत गेलो, तेव्हाही नाही.

तेव्हा हरवलेलं शोधायला कोणी बोलावलं तर फोनवरच सांगा की कोणी उकरू नका, तिथे चप्पल किंवा काठी रोवा आणि मोबाइलवर जागेचं लोकेशन सेव्ह करा. पैसे आधी ठरवू नका, घेतले तर जाण्या-येण्याचे घ्या.

आणि न बोलावता सापडलं तर? दहा रुपयाच्या नाण्याचा मालक शोधता येत नाही, ठीक आहे. दागिना वेगळा. १८७२ च्या करार कायद्यात सापडलेल्या वस्तूची जबाबदारी ती ताब्यात घेणाऱ्यावर टाकली आहे, ती वस्तू दुसऱ्याची म्हणून नीट सांभाळायची. आणि मालक शोधायचा रास्त प्रयत्न न करता ती आपली करून टाकली तर तो अपहार, पूर्वी भादंविचं कलम ४०३ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४. म्हणून दागिना निघाला की फोटो काढा, जागा आणि वेळ लिहा, जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करून नोंद करून घ्या आणि तिची प्रत मागून घ्या. ऑनलाइन "अंगठी सापडली" एवढंच टाका, फोटो टाकू नका, आतलं नाव किंवा खूण जो बरोबर सांगेल तो मालक.

दागिन्याच्या आत भिंगाने बघा. नवीन दागिन्यावर हॉलमार्कबरोबर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी असतो, १ एप्रिल २०२३ पासून दुकानदाराला त्याच्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. तो नंबर बीआयएस केअर अॅपमध्ये टाकला की दागिना कसला, किती शुद्ध आणि कुठल्या नोंदणीकृत ज्वेलरने हॉलमार्क करून घेतला ते दिसतं. पोलिसांना ही माहिती दिली तर ज्वेलरच्या बिलातून मालकापर्यंत जाता येतं. ९१६ म्हणजे बावीस कॅरेट. काहीच शिक्का नसेल, आणि हलकं असेल, तर बहुतेक एक ग्रॅमवालं, पण तरी कोणाची तरी आठवण असते.

जुनं काही निघालं तर अजून वेगळं. १८७८ चा निखात निधीचा कायदा आजही आहे. जमिनीत दडवलेला ठेवा दहा रुपयांहून जास्त किमतीचा असेल तर सापडणाऱ्याने कलेक्टरला लेखी कळवायचं, काय सापडलं, अंदाजे किंमत, कुठे, कधी. गिरगाव, दादर, माहीमसाठी मुंबई शहरचं कलेक्टर ऑफिस, फोर्टमध्ये जुन्या कस्टम हाउसला, आणि जुहूपासून गोराईपर्यंत उपनगरचं, वांद्रे पूर्वेला. उत्तन ठाणे जिल्ह्यात येतं. लपवलं तर मिळणारा हिस्सा पण जातो आणि एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. शिवाय शंभर वर्षांपूर्वीचं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं, म्हणजे विक्टोरियाचा चांदीचा रुपया निघाला तर तो परदेशात पाठवणं किंवा त्याचा धंदा करणं हे सगळं नियमाखाली आहे. असं नाणं घासू नका, लिंबू-चिंच तर अजिबात नाही, साध्या पाण्यात भिजवून ठेवा.

मशीन घेऊन जायच्या आधी त्या किनाऱ्याच्या पोलीस ठाण्यात जाऊन सांगून या. २००८ मध्ये अतिरेकी मुंबईच्याच किनाऱ्यावर बोटीने उतरले होते, त्यामुळे कोणी यंत्र घेऊन वाळू उकरताना दिसलं तर विचारणारच, आणि विचारायलाच पाहिजे. ओळखपत्र खिशात, हेडफोन काढून नीट उत्तर, नाही म्हणाले तर घरी.

जीव सांभाळा

पावसाळ्यात पाण्यात नाही, जून ते सप्टेंबर अजिबात नाही. त्या दिवसांत निळे ब्लूबॉटल (जेलीफिशसारखे जीव) पण किनाऱ्याला लागतात, फुग्यासारखे दिसतात, मेलेले असले तरी चावतात, हात लावू नका. उथळ पाण्यात पाकट (स्टिंगरे मासा) वाळूत लपलेलं असतं, २०१३ ला गिरगावच्या विसर्जनात कितीतरी लोकांना त्याने डंख मारले होते, म्हणून पाण्यात पाय उचलून टाकू नका, घासत चाला, ते आधीच पळतं. गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही, एकटं जायचं नाही, आणि हेडफोन लावलेला असताना दर दोन मिनिटांनी मान वर करून समुद्राकडे बघायचं. जीवरक्षकाला ओळख देऊन ठेवा.

घरी आल्यावर आंघोळीच्या आधी मशीन. दांडा तीन तुकड्यांत सोडवा, कॉइलचं कव्हर काढा, त्यात वाळू अडकून बसते आणि नंतर उगाच सिग्नल देते, सगळं नळाच्या गोड्या पाण्याने धुवा, लॉकच्या खाचा टूथब्रशने साफ करा, सावलीत वाळवा, उन्हात नको. स्कूपवर पण पाणी मारा. चार्जिंगची जागा पूर्ण कोरडी झाल्याशिवाय केबल लावू नका. मग वही उघडायची, तिथी, ओहोटीचा आकडा, किनारा, काय निघालं ते लिहायचं, आणि पुढच्या बिजेला सकाळी कुठे जायचं ते ठरवायचं.